कुरणमळ्याचं पाणी

कुरणमळ्यात पूर्वी ऊस असायचा. आता खोडद रस्त्याच्या दोन्ही अंगांना रो-हाऊस आणि तीनमजली इमारती उभ्या आहेत. रोहिणी याच वसाहतीतून ग्रामपंचायतीवर निवडून आली. तिच्या सासरची माणसं एकेकाळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची. नवऱ्यानं, दत्तानं, पिकअप घेतली, टोमॅटो वाहिले आणि इथं दोन खोल्या बांधल्या. निकालाच्या दिवशी सासू सरुबाई गुलालानं माखलेल्या सुनेकडं बघत नुसतीच रडत बसली होती.

वर्ष सरतंय तोच सरकारनं शेजारच्या बाजाराच्या गावाला नगरपंचायत दिली आणि कुरणमळा त्यात घातला. काहीजण कोर्टात गेले, स्टे आला. तेव्हापासून कुरणमळा कुणाचा, हे कुणालाच सांगता येईना. रोहिणी सदस्य राहिली की नाही, हेही. पाणी मात्र वसाहतीच्या टाकीवरचे हौशीरामभाऊ रोज सकाळी सोडत राहिले, कारण त्यांना कुणी थांबवलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला शेजारच्या स्नेहलचे डोळे पिवळे झाले. तिला सातवा महिना होता. रोहिणीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "कुरणमळ्यातून काविळीचे बरेच पेशंट यायला लागलेत. पाणी कुठलं पिता तुम्ही?"

रोहिणीला वसाहतीतलं गटार आठवलं. पाण्याचा पाइप गटाराच्या कडेनं आला होता, आणि एका ठिकाणी जमीन कायम ओली असायची. रोज तिथून जाताना ती साडी वर धरायची, पण विचार कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक म्हणाले, "ताई, ती लाइन आता आमच्याकडं नाही. आणि खरं सांगू? तुम्ही कशावर सही करू नका. उद्या अंगाशी येईल." नगरपंचायतीत साहेब नव्हते. पुन्हा गेली तेव्हा होते, पण त्यांनी कोर्टाचं कारण दिलं. असा आठवडा गेला. घरोघर पाणी उकळून प्या म्हणून ती सांगत होती. कुणी ऐकत होतं, कुणी नाही.

मग स्नेहल भ्रमात बडबडायला लागली आणि तिला पुण्याला हलवलं. त्या रात्री रोहिणीला झोप लागली नाही. सकाळी ती टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

"हौशीरामभाऊ, पाणी सोडू नका."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगते."

"तुमी सदस्य हाय का न्हाई, त्येच कुणाला ठावं न्हाई. मी कुणाचं नाव सांगू?"

तिनं त्यांच्या हातातली व्हॉल्व्हची चावी घेतली आणि घरी आली.

दुपारपर्यंत दारात गर्दी झाली. प्लॉटचा धंदा करणारा दादाभाऊ सगळ्यांच्या पुढं होता. "वहिनी, माझ्या घरी उद्या साखरपुडा हाय. पावणं काय कोरडं बसवू? चावी द्या, न्हाईतर पोलिसात जातो."

सरुबाईनं सुनेला आत ओढलं. "दे बाई ती चावी. लई मुश्किलीनं एका जागी टेकलोय आपण. ही लोकं हाकलून देतील."

"आत्या, स्नेहल आयसीयूत हाय," एवढंच रोहिणी म्हणाली.

दत्ता आदल्या दिवशीपर्यंत 'तू यात पडू नको' म्हणत होता. आता त्यानं पिकअपवर टाकी चढवली आणि खोडदच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणायला निघाला. पहिली खेप दादाभाऊच्या दारात उतरवली. दादाभाऊनं पाणी भरून घेतलं, पण तोवर पोलिसात दिलेली तक्रार मागं घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी वसाहतीतल्याच माणसांनी टिकाव-फावडी घेतली. ओल्या जागी खणलं तर पाइपचा जोड निखळलेला, आणि आत काळा गाळ. बघणाऱ्या बायकांनी पदर नाकाला लावले. जोड बदलला, टाकी धुतली, मगच रोहिणीनं चावी परत दिली.

नवे पेशंट हळूहळू थांबले. स्नेहल वाचली. बाळ वाचलं नाही.

रोहिणी भेटायला गेली तेव्हा स्नेहल भिंतीकडं तोंड करून निजली होती. तिची सासू, कुशाबाई, म्हणाली, "आठ दिस आधी बंद केलं असतंस तर?" आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्या आठवड्यात आपण कुठल्या कुठल्या दारात उभ्या होतो, हे रोहिणीनं सांगितलं नाही. चहा न घेता उठली.

पुढं दोन्ही कार्यालयांतून फोन आले. कुणाच्या परवानगीनं रस्ता खणला, असं दोघांनीही विचारलं. कोर्टात तारीख पुढं गेली. कुरणमळ्यातली माणसं मात्र आता दिवा बंद पडला, कुत्रं चावलं, तरी रोहिणीकडंच येतात. फोन वाजला की तिचा जीव धसकतो. क्षणभर ती तो वाजू देते, मग उचलते.