पाणी सोडणाऱ्या पेटीची विचारपूस

ओळख करून घेतल्याशिवाय यंत्राला हात न लावणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो इंदिरानगरात माझ्या मेव्हण्याकडे भाड्यानं राहायचा. मी चौथी शिकलेला, गुलाब लावणारा. प्रोसेसर म्हणजे पाणी सोडणाऱ्या पेटीच्या आतला मेंदू, हे मला त्यानंच सांगितलं. तो कारखान्यात असल्याच पेट्यांचे प्रोग्राम लिहायचा. लिफ्टमध्ये डोळे मिटून तिची घरघर ऐकत राही आणि मजला चुके. हातातला चहा निवून साय धरे. मुलगी बघायला गेला आणि तिथल्या वॉशिंग मशीनपाशीच रमला. मेव्हणा चिडला, "मुलीला एक शब्द विचारला नाहीस, बाबा." हा म्हणाला, "मशीन अडचणीत होतं."

माझी बायको गेली आणि त्याच आठवड्यात गुलाबांना पाणी सोडणारी ठिबकची पेटी बंद पडली. कुठल्या वाफ्याला कधी, किती पाणी, हे सगळं हिनं बटणं दाबून आत भरलेलं. मी कधी विचारलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, नवं कार्ड टाका, जुनं पुसलं जाईल. मग मी याला बोलावलं. म्हटलं, "हिचा शेवटचा हात आहे त्यात. पुसलंस तर याद राख."

त्यानं ओट्यावर मांडी घातली, लॅपटॉपची वायर पेटीला जोडली आणि तासभर नुसता बघत बसला. ऊन कललं, माश्या गुलाबांवर गुणगुणत होत्या, मला डुलकी लागत होती.

"अरे, काढ की."

"काका, पेट्यांतली सिस्टीम एकच असली तरी प्रोसेसर वेगळे. हा कुठला, वेग किती, मेमरी कुठून सुरू होते, मागच्या वेळी का थांबला, हे ज्याचं त्यालाच विचारावं लागतं, त्याच्या पद्धतीनं. दुसऱ्याची पद्धत लावली तर बोलणारच नाही."

"हीसुद्धा तशीच होती," मी म्हटलं.

"सापडलं," तो हळूच म्हणाला, कुणी झोपलेलं उठू नये तसं. एकेक वेळ तो वाचत गेला आणि नव्या कार्डात उतरवत गेला. "चौथा व्हॉल्व्ह. संध्याकाळी पाच पन्नास, दोन मिनिटं. हा कुठला वाफा, काका?"

माझे वाफे तीनच. चौथ्या पाईपच्या मागोमाग गेलो, तर तो अंगणात निघाला. मी सहाला रानातून येतो. धुळीनं मला दमा उठतो. अंगण रोज ओलं असे. मी समजायचो, ही बादलीनं शिंपडते.

त्याला कळलं असावं. घरी जायचं सोडून तो पाच पन्नासपर्यंत ओट्यावर बसून राहिला. पाणी सुटलं, धूळ बसली.

"वेळ बदलायची का, काका?"

मी म्हटलं, "तुझ्या चपला उचल. भिजतायत."