काजळीची चौकट

न जन्मलेल्या करडाचा रंग छातीठोक सांगावा आणि ते भलत्याच रंगाचं निपजलं की त्या करडावरच रुसावं, असा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच. आणि नेमके तेच माझे मावसा निघाले. धानोऱ्याचे हे मावसा जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण जीवशास्त्राने त्यांना काही सोडलं नाही. आई-बापाचे गुण पिल्लांत कसे उतरतात हे सांगायला ते चार घरांची चौकट काढायचे. खडू हाताशी असला तर ठीक. नसला तर गाडीच्या काचेवरची धूळ, पंगतीतला भात, मावशीच्या परातीतलं पीठ, काहीही चालायचं. मावशी पिठावरून हात फिरवून चौकट मोडायची आणि म्हणायची, "आते भाकरी करू द्या, मंग पिल्लं मोजा." एकदा नंदुरबारात, लाल मिरच्या उन्हात वाळत घालतात त्या पथारीवर, त्यांनी एका रिक्षावाल्याला मिरच्यांची चौकट मांडून दाखवली आणि भरात येऊन त्याच हाताने डोळे चोळले. घरापर्यंत घळाघळा रडत आले. रिक्षावाला बिचारा दारात मावशीला हळूच विचारतो, "घरमधलं कोणी गयं का?" मावशी हसली. तिचं हसणं म्हणजे आधी नुसते खांदे हलायचे, आवाजच नाही, आणि शेवटी नाकातून एकच फुर्र. ती आणि मी, आम्ही दोघी नेहमी एकदमच हसायचो.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मावशीची सगळी माया काजळी नावाच्या शेळीवर होती. काळी कुळकुळीत, आणि लाडाने इतकी शेफारलेली की दारातून भाकरी मागायची. मावसांना मात्र तिच्यात चौकट दिसायची. त्यांनी बाजारातून एक पांढराशुभ्र बोकड आणला. काजळीला जुळं झालं, एक पाट म्हणजे मादी आणि एक बोकड, दोन्ही दुधासारखी पांढरी. मावशी हिरमुसली. "मन्ही काजळीनं काहीच नही आलं यास्मा," म्हणाली.

"दपेल शे, गयेल नही," मावसा म्हणाले. काळा रंग लपलाय, गेलेला नाही. ह्या दोघांची पिल्लं होतील तेव्हा चारात एक काळं येईल. हे भाऊबहीण आहेत असं कोणी म्हटलं, तर ते शेळ्यांना कोणी सांगितलेलं नसतं, असं मावसांचं उत्तर तयार असायचं.

पण आमच्याकडे गावच्या साऱ्या शेळ्या सकाळी एकाच कळपात चरायला जातात. कोणाच्या पिल्लाचा बाप कोण, हे देवालाच ठाऊक. मावसांनी काय करावं? शाळेच्या जुन्या खाकी चड्ड्या उसवून, आपला तेवढा सोडून, गावातल्या एकूणएक बोकडांच्या पोटाखाली बांधायला पडदे शिवले. पुढे महिनाभर खाकीतले बोकड रांगेने शिवाराकडे निघायचे. कळप राखणारा म्हणायचा, "सर, हाई तं तुम्हना वर्गच भरेल दिखस." मावसांना ते कौतुकच वाटलं.

मग मावशी गेली. मागोमाग काजळीही गेली. तिचं घुंगरू खुंटीवर राहिलं. शेजारीपाजारी म्हणाले, बाजारातून एखादी काळी शेळी आणा, मन रमेल. मावसा म्हणाले, "ती काळी ऱ्हाई, पण काजळीनी नही ऱ्हावाव." त्यांना मावशीच्या शेळीचाच रंग परत हवा होता. पाट पहिल्यांदा व्याली, दोन पांढरी. दुसऱ्यांदा एक, तेही पांढरं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावून घेतलं. गेले तर घुंगरू चिंचेने घासून लखलखीत केलेलं.

वर्गात एखादा मुलगा म्हणाला की तीन पांढरी झाली म्हणजे आता चौथं काळंच, की मावसा त्याला बाकावर उभं करायचे. नाणं उडवून दाखवायचे आणि सांगायचे, नाण्याला आठवण नसते, प्रत्येक वेळी हिशेब पहिल्यापासून. मी त्यांना हळूच त्याची आठवण करून दिली. ते घुंगरू पुसत राहिले. "नाण्याले आठवण नही ऱ्हास," म्हणाले, "माले ऱ्हास."

दुपारी पाट व्याली. एकच करडू. पांढरं.

मावसा रुसलेसुद्धा नाहीत. मावशीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने ते करडू पुसत बसले. तेवढ्यात ते करडू लटपटत उठलं, दूध शोधायला लागलं आणि मावसांच्या कानाची पाळी चोखू लागलं. मावसा गंभीर चेहऱ्याने तसेच बसलेले, आणि कानाशी ते चुळूचुळू. मला हसू आवरेना. मावशी गेल्यापासून त्या घरात मी हसलेच नव्हते. खांदे हलायला लागले, तोंड दाबून धरलं, आणि शेवटी नाकातून फुर्र.

मावसांनी झटकन वर पाहिलं. कान करडाच्याच तोंडात.

"परत हास बरं," म्हणाले.

मग मला हसू कुठलं यायला. मावशी आणि मी एकदम हसायचो, त्यामुळे माझं हसणं हुबेहूब तिचंच आहे हे कधी कळलंच नव्हतं. मावसांनी घुंगरू त्या पांढऱ्या करडाच्या गळ्यात बांधलं.

"मी चौकट भलतीच जागावर मांडी माय," म्हणाले.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. त्यांचं अंगण पांढऱ्या शेळ्यांनी भरलंय, त्यातली एकही ते विकत नाहीत. फोनवर तब्येत वगैरे नंतर. आधी एक विनोद. त्यांना विनोद सांगता येत नाही. शेवट आधीच सांगून टाकतात, आणि विनोदही बहुधा गेल्या रविवारचाच असतो. मी हसते. पलीकडे मावसा ती फुर्र येईपर्यंत थांबून राहतात.