अडखळली की पुडा परत

माझी थोरली जाऊ हवेतली भाजी निवडत होती. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर काहीच नव्हतं, आणि तिची बोटं एकेक पान खुडत होती, देठ मोडत होती, निवडलेलं उजवीकडे ठेवत होती. उजवीकडे नुसती फरशी. तिचं तोंड शेंदरासारखं लाल झालं होतं. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की डोळे सगळेच काळे दिसत होते.

मी विचारलं, "बाई, काय करून राह्यल्या?"

"दिसत नाही काय वं तुले? भाजी निवडून राह्यली. सासूबाई आल्या, त्याइले पाट दे."

सासूबाईंना जाऊन किती तरी वर्षं झाली होती. तरी मी दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. हिरवं लुगडं, पायांना चिखल, आत यावं की नाही या विचारात असल्यासारख्या. मी डोळे चोळले तरी त्या हलल्या नाहीत. माझ्याही तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती. पण आपल्याला काही झालं आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

गणपतीच्या मांडवातून जावेचा मुलगा धावत आला. जावेच्या सुनेनं, त्याच्या बायकोनं, त्याला फोन केला होता. जाऊ त्याच्यावरच ओरडली, "चपला बाहेर काढ बे! तुहा बाप जेवून राह्यला!" बाप वारलेला. पोरगा दारातच थबकला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "ती नवी गोळी देल्ली ना तू सकाळी?"

सून म्हणाली, "रोजच देतो."

"तीच बाधली. मी तवाच म्हटलं होतं."

गोळी रक्तदाबाची होती. सरकारी दवाखान्यातून आणलेली, नुकतीच सुरू केलेली. त्या दिवशी जावेच्या पोटात गेलेली, नाव घ्यायला कठीण अशी तेवढी एकच वस्तू होती, म्हणून सगळ्यांचं बोट तिच्याकडे गेलं. असं का झालं ते सांगते.

जाऊ शाळेत गेली नव्हती. मी चौथीपर्यंत गेले, अक्षरं लावत लावत वाचते. सून बारावी झालेली. जावेनं मोबाईलवर एका माणसाचं बोलणं ऐकलं. तो म्हणत होता, पुड्यावर लिहिलेलं जे नाव तुमच्या आजीला म्हणता येणार नाही, ते पोटात घालू नका. जाऊ म्हणाली, "मी आजीच हाव. मले इचारत जा." तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक पुडा सुनेनं तिच्यापुढे मोठ्यानं वाचायचा. सून न अडखळता वाचेल ते घरात राहील. अडखळली की पुडा दुकानात परत.

दुकानदार वैतागला. "काकू, मालात काय खोट हाय ते तं सांगा."

"तुह्या मालाचं नाव आमच्या सुनेले घेता येत नाही, हेच खोट."

मग सून हुशार झाली. आवडत्या बिस्किटाच्या पुड्यावरची नावं तिनं भांडी घासताना घोकून पाठ केली. सोडियम बायकार्बोनेट, अमोनियम बायकार्बोनेट, धडाधड. जाऊ म्हणाली, "हे तं सोपं निघालं. राहू दे." मी म्हटलं, "बाई, त्यातला एक आपला खायचा सोडा हाय. तुम्ही भज्यात टाकता तोच." तर म्हणे, "मंग तसं लिवावं ना त्याइनं. लपवायचं काय काम?" तिचं सगळंच चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. पण खाण्यातलं चांगलं-वाईट मोजायला तिनं सुनेची जीभ घेतली, ते माप चुकीचं होतं. रक्तदाबाच्या गोळीचं नावही सुनेनं असंच घोकून, न अडखळता वाचलं, म्हणून जाऊ ती गोळी घ्यायला कबूल झाली.

तो दिवस ऋषिपंचमीचा होता. त्या दिवशी आम्ही बायका बैलाच्या कष्टाचं खात नाही. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. परसातलं, कुंपणावरचं, आपोआप उगवलेलं किंवा हातानं माती उकरून लावलेलं तेवढंच. अळू, माठ, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, सगळं एका भांड्यात शिजवायचं, तीच ऋषीची भाजी. जावेला हा सण फार प्रिय. म्हणायची, वर्षात एकच दिवस पोटात निर्मळ जातं. ना खत, ना फवारा, ना पुडा. भाजी खुडायला ती दुसऱ्या कोणाला जाऊ देत नसे.

सकाळी झिमझिम होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेला माठ दाट उगवला होता, आणि त्या माठात धोत्र्याची कोवळी रोपं होती. फूल नाही, काटेरी बोंड नाही, नुसता पाला. तिनं ओटीत भरून आणला, माठाबरोबर चिरला, चिंच घालून शिजवला.

भाजी जरा कडू होती. मी तसं म्हटलं. जाऊ म्हणाली, "कोवळा पाला असाच लागते. तुह्या जिभेले पुड्यातल्या मसाल्याची सवय झाली." आणि स्वतः आणखी वाढून घेतली. मी थोडी खाल्ली, कारण अळवानं माझा घसा खाजतो. सुनेनं चमचाभर चिवडली आणि पान सारलं. जाऊ तिला म्हणाली, "देवाचं अन्न टाकतं काय वं? सकाळपासून उपाशी ना तू?" सून खाली मान घालून बसली. ती उपाशी नव्हती. चुलीमागे उभी राहून तिनं बिस्किटं खाल्ली होती. मी पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. पोरीला भूक लागते, खाल्लं तर खाल्लं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात आम्हाला जीपमधून नेलं. वाटेत जाऊ माझ्या पदराच्या काठावरची पानं खुडत होती. काठावर वेल होता, पानं नव्हती. मधेच हसायची, मधेच वारलेल्या सासऱ्यांना पाणी द्यायची. पोरानं गोळ्यांची पट्टी मुठीत धरली होती. डॉक्टरांपुढे त्यानं ती पुरावा असल्यासारखी ठेवली.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि बाजूला ठेवली. बॅटरीनं जावेचे डोळे पाहिले, मग माझे. मला म्हणाले, "आजी, तुम्हालाही अंधुक दिसतंय का?" मग विचारलं, "दुपारी काय खाल्लं?"

पोरगा म्हणाला, "खायचा प्रश्नच नाही साहेब. ऋषीची भाजी व्हती. घरच्या परसातली. कसला फवारा नाही, काही नाही."

"पाला कोणता होता?"

"माठ."

"अजून?"

पोरगा माझ्याकडे बघू लागला. डॉक्टर म्हणाले, "जिथून खुडला तिथलं सगळं उपटून आणा." पोरानं शेजाऱ्याला फोन केला. तो मोटारसायकलवर पिशवी घेऊन आला. पिशवीतून निघालेलं रोप मी लांबूनच ओळखलं. चुरगळलेल्या पानाचा तो उग्र वास. महादेवाला त्याचीच फुलं आम्ही वाहतो.

जावेच्या नाकातून नळी घातली, पोट धुतलं, सलाईन लावली. मला बाजूच्या खाटेवर निजवलं. सून दोघींच्या मध्ये स्टुलावर बसली. सलाईनच्या बाटलीवरचं नाव ती सवयीनं पुटपुटत होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, "धोत्र्यात असं काय असते?"

त्यांनी दोन नावं सांगितली. पहिलं ॲट्रोपीन, दुसरं त्याहून अवघड. सून दुसऱ्याला अडखळली. डॉक्टर म्हणाले, "पहिलं तर आम्ही औषध म्हणून देतो. फवारणीचं विष चढलं की तेच टोचून माणूस वाचवतो. पालेभाजीतही अशी नावं असतात. पुड्यावर छापलेली असतात, पाल्यावर नसतात, एवढंच."

मी पडल्या पडल्या म्हटलं, "धोत्र्यावर छापायले पाह्यजे होतं."

ते हसले नाहीत. जावेची नाडी बघत होते.

संध्याकाळपर्यंत मला सासूबाई दिसायच्या थांबल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हे विष चढलं की मेलेली माणसं दिसतात, उतरलं की जातात. जावेचं विष उतरत नव्हतं. आधीच हृदय मोठं झालेलं, त्यात नाडी पळत होती. रात्री तिचे हात बांधून ठेवले, तरी बोटं चालूच होती. पहाटे ती एकदाच धड बोलली. सुनेकडे पाहून म्हणाली, "तुह्या तोंडाचा रंग काऊन उडाला वं? जेवली नाही काय?" सून म्हणाली, "जेवली आत्याबाई." मग पुन्हा खुडणं सुरू झालं. ऊन वर आलं तेव्हा बोटं थांबली. नर्सनं हात सोडले.

तेरवीला बायका म्हणाल्या, त्या गोळीनंच नेलं. एकीनं तर सुनेच्या तोंडावर विचारलं, "असल्या नावाची गोळी द्यावं काऊन?" मी म्हटलं, "गोळीनं नाही, धोत्र्यानं नेलं. तिनंच खुडला, तिनंच शिजवला, तिले दिसलं नाही." ती बाई कानाला हात लावून उठली. ऋषीच्या भाजीनं माणूस मरतं हे ऐकायला गावात कोणी तयार नव्हतं. पोरगा काही दिवस बायकोशी बोलला नाही. एका संध्याकाळी त्यानं उकिरड्याची कड कुदळीनं उकरून काढली, तेव्हापासून बोलायला लागला.

धोत्रा तिथं दर पावसाळ्यात पुन्हा उगवतो. मी उपटते. पालेभाजी निवडायला बसले की समोर कोणी तरी बसलं आहे आणि माझ्याबरोबर देठ मोडतं आहे असं वाटतं. आता माझ्या पोटात विष नाही, तरी वाटतं. मान वर करून मी पाहत नाही. हातातलं पान मात्र चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघते.

त्या दुपारी आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. सून आणि मी जगलो.