तुणतुण्याच्या जागी

पडदा वर गेला असं समजा. कराडजवळचं मंगल कार्यालय, संध्याकाळचे सहा. चौरंगावर घट, भोवती उसाची पाच ताटं, शेजारी पेटता पोत. डावीकडे संबळ घेऊन पंच्याहत्तरीचे गोंधळी गंगाधरआबा. आणि उजवीकडे, जिथं तुणतुणं हवं तिथं, गळ्यात गिटार अडकवून धैर्यशील. नाटकात चाळीस वर्षं काढली, पण दुसऱ्याच्या प्रवेशाला माझी छाती इतकी कधी धडधडली नव्हती.

धैर्यशील आबांचा पुतण्या. मूळचा पलूसचा, सांगलीत गिटार शिकवतो. आबांमागं तुणतुणं धरायचे ते त्याचे वडील, नाथाजी. दिवाळीत त्यांचा उजवा हात लुळा पडला. मग पोरानं गिटारवरच घरची पदं बसवली. अंगठ्याखाली तुणतुण्याची अखंड तार, बाकीच्या बोटांत पदाची चाल. डोळे मिटून ऐकलं तर दोघं वाजवताहेत असं वाटावं.

"ह्या खोक्यातनं आई येनार व्हय रं?" आबांनी सगळ्यांदेखत विचारलं. मंडळी हसली.

"आवं, हाक तर मारून बगू."

"बग की. पर आज चुकलास, तर नाथाच्या जागंवर पुना हुबं ऱ्हायचं न्हाई."

आबांनी देवीला पहिली हाक घातली आणि घोटाळा माझ्या ध्यानात आला. धैर्यशीलनं गिटार सूर जुळवायच्या यंत्रावर लावून आणली होती, अगदी चोख. आबा कुठल्या यंत्राला विचारतात! त्यांचा सूर काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधला, पेटीवर नसलेला. तुणतुणं त्या दिवशीच्या गळ्यावर लावायचं असतं, हेच पोरगं विसरलं होतं. दोन सूर एकमेकांना घासू लागले. आबा थांबले नाहीत. उलट संबळ चढवला.

"बंद करा ते," नवरीची आत्या म्हणाली.

धैर्यशीलनं अंगठा चालूच ठेवला आणि डाव्या हातानं खुंटी पिळली. जाड तार केसभर चढली, आबांच्या आवाजात मिसळली. मग दुसरी. तिसरी. चौथी करकरली; तुटली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. टिकली. सहावी जुळली तशी बोटं चालीत शिरली, आणि आबांनी पुढची ओळ न गाता त्याच्यासाठी मोकळी सोडली.

आरतीनंतर घाम पुसत आबा म्हणाले, "मंगळवारी शिराळ्याला हाय. येशील?"

"येतो की. फकस्त आदी तुमी गा, आबा. मग मी तारा लावतो."