राहायला म्हणजे

“आदी ऐका, मग कायदा सांगा,” असं म्हणत मावशी माझ्या टेबलावर दोन्ही तळहात पालथे ठेवायची. ते हात तिथं असेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे न्यायाधीशसुद्धा गप्प बसला असता.

मी बीडला वकिली करतो. दिवाणी दावे, त्यातले निम्मे शेताच्या बांधाचे. मावशी माझ्या नात्यातली नव्हे, चौसाळ्याहून आलेली अशील. काही शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि बहिणीची मुलगी, एवढा तिचा संसार. बहीण वारली तेव्हा पोर रांगत होती. हिनंच तिला वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं.

त्या पोरीचं लग्न अमेरिकेचा नागरिक झालेल्या इकडच्याच एका मुलाशी झालं. तिच्या कायम तिकडे जाण्याचं प्रकरण चालू असतानाच नवऱ्याचा पाय मोडला. महिनाभर त्याचं करावं म्हणून ती पाहुण्यांच्या व्हिसावर निघाली. तिथल्या विमानतळावर तिला अडवलं, रात्रभर बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. वर पाच वर्षं येऊ नये असा हुकूम.

“मावशी, हे माझं काम नाही हो. मी बांधाचे दावे चालवतो.”

“ह्यो बी बांधच हाय की. जरा लांबचा हाय.”

मला हसू आलं, आणि तिथंच मी अडकलो.

तो हुकूम काही फिरला नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असा हुकूम तिकडच्या कोर्टातही सहसा फिरत नाही. बायको म्हणून कायमचा व्हिसा मिळेल, हुकुमातून सूटही मिळेल, या आशेवर आम्ही थांबलो. मुंबईला मुलाखत झाली. तिथंही नकार मिळाला. कारण दिलं होतं, पाहुणी म्हणून आले असं ही बाई विमानतळावर खोटं बोलली.

मुंबईहून दोघी थेट माझ्याकडे आल्या. पोर बाकावर नुसती बसून राहिली. नव्या चपलेनं तिची टाच सोलली होती. मावशी खाली बसली, तिचा पाय मांडीवर घेतला आणि पदराच्या शेवानं टाच पुसत राहिली.

पोरीच्या नवऱ्यानं तिकडे लावलेल्या वकिलानं त्याच संध्याकाळी फोनवर सोपा रस्ता सांगितला. खोटं बोलले म्हणून माफी मागायची. मग काम लवकर होईल.

पोर थकली होती. “मावशे, मागू का माफी?”

“तुला वाटलं तर माग. मी रुसनार न्हाई. पर तू खोटं बोललीस का?”

“न्हाई.”

“मग माफी कशाची?”

पोरीनं सोललेली टाच पुन्हा चपलेत घातली. मग मला म्हणाली, “साहेब, न्हाई मागायची.”

आम्ही विमानतळावरच्या जबाबाची नक्कल मागवली. ती यायला फार दिवस लागले. त्यात लिहिलं होतं, ‘मी इथे कायमची राहण्यासाठी आले आहे.’ मी पोरीला विचारलं, तू नेमकं काय म्हणालीस? दुभाष्या फोनवर होता, म्हणाली, आणि हिंदी बोलत होता. तिनं आपलं सांगितलं, “नवऱ्याकडं राहायला आले.”

मावशी ताडकन उठली. “आन् मी नेकनूरला भावाकडं राहायला जाते, ती काय वाटनी मागायला जाते का?”

आम्ही तिघंही मोठ्यानं हसलो. पहिल्यांदाच. मग पोरीचे डोळे भरून आले.

पुढचं सगळं त्या एका शब्दावर लढलो. राहायला येणं म्हणजे चार दिवस पाहुणी येणं, हे मी प्रतिज्ञापत्रात मांडलं, एका मराठीच्या प्राध्यापकांनी मांडलं आणि मावशीनंही अंगठा न उठवता सही करून मांडलं. तिकडचा वकील पुन्हापुन्हा लिहीत राहिला. मधे दोन पाडवे गेले.

एकदा मी न राहवून विचारलं, “मावशी, ती गेली तर तुम्ही एकट्या पडाल. एवढं कशाला भांडता?”

“लोक बी तेच म्हनत्यात, कशापायी भांडती म्हनून. इथं ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या, मला काय जड हाय का ती? पर तिच्या मनानं ऱ्हावी. खोटारडी म्हनून न्हाई.” वर म्हणाली, “रडायचं ते मी नंतर बघीन.”

अखेर तो खोटेपणाचा शेरा निघाला. सूट मिळाली, व्हिसाही आला. पोर गेली. जाताना मावशी तिला एवढंच म्हणाली, “पोचल्यावर आदी जेव, मग फोन कर.”

परवा चौसाळ्यावरून जात होतो, म्हणून गाडी थांबवली. मावशी अंगणात बाजेवर वाकळ उन्हात पसरत होती. फुलाफुलांच्या कापडाची, पोरीच्या जुन्या फ्रॉकांचे तुकडे लावलेली. घरात दुसरं कुणी दिसेना.

“कोण येणार आहे का मावशी?”

“न्हाई,” ती म्हणाली. “ऊन दावावं लागतं. न्हाईतर कुबट वास लागतो.”

आणि वाकळेची दुमडलेली कड तिनं हातानं सरळ केली, पोर आत झोपलेली असावी इतक्या हळू.