अण्णांचा फ्लेक्स

निपाणीत कुणी गेलं, की रक्षाविसर्जनाच्या आत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागावाच लागतो. आमच्या दुकानात हे काम वर्षानुवर्षं अण्णांनी केलं. डिझाईन मला त्यांनीच शिकवलं. मराठी-कन्नड ओळी मांडून, सेव्ह करून झालं, की कंट्रोल-क्यू दाबायचं. त्यानं अक्षरांची चित्रं होतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर फॉन्ट मोडत नाही. ती फाईल छपाईला पाठवली, की बंद करताना सेव्हला ‘नो’ म्हणायचं.

“चित्रं झालेली फाईल ठेवायची न्हाय गं,” ते म्हणायचे. “उद्या शोकाकुलमधी एक पावणा ऱ्हायला म्हणून घरचे भांडाय आले, तर नाव कुठं घालशील?”

पुढं कोल्हापूरच्या छपाईवाल्यानं दुसऱ्याच प्रोग्रामच्या फाईली मागितल्या आणि मालकांनी जुना काढून टाकला. अण्णांनी नव्याशी काही दिवस झटापट केली. एका दुपारी ते उठले, चपला घालून घरी गेले, ते परत आलेच नाहीत. मला त्यांचा लई राग आला. मी अडखळत का होईना, शिकलेच होते की!

यंदा अण्णा गेले. मालक म्हणाले, “आक्का, तूच कर. उद्या सकाळी रक्षाविसर्जन हाय. पाचच्या आत फाईल गेली, तरच शेवटच्या गाडीनं फ्लेक्स येतोय.”

एरवी मी सावध असायचे. त्या दिवशी डोळे भरून येत होते आणि हात आपसूक चालला होता. फोटो कापला, नावं मांडली. शेवटी हातानं कंट्रोल-क्यू दाबलं. पडद्यावर चौकट आली, तिलाही हातानंच ‘नो’ म्हटलं. नव्यात कंट्रोल-क्यू म्हणजे प्रोग्रामच बंद! घाईत एकदाही सेव्ह केलं नव्हतं. अण्णांचा चेहरा, मुलासुनांची नावं, सगळं गेलं. अण्णा त्या दुपारी का उठले, ते मला तेव्हा कळलं.

साडेचार वाजत आले होते. मी डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि नुसत्या माऊसनं, मेनूत एकेक गोष्ट शोधत, सगळं पहिल्यापासून केलं. फाईल वेळेत गेली.

सकाळी चौकात लोक म्हणाले, “अण्णा अगदी हुबेहूब आल्यात.” मला मात्र वर बघवेना. अण्णांनी लावलेलं वळण मांडीखाली दाबून ठेवलं, तेव्हा कुठं अण्णांचा फ्लेक्स झाला.