काळुरामनं गिळलेली मोरी

मोजणीवाल्यांनी नव्या रस्त्याच्या लाल खुंट्या ठोकल्या आणि काळुरामच्या पायाला भिंगरीच लागली. सकाळी बांधावर, दुपारी बांधावर, जेवता जेवता उठून पुन्हा बांधावर. एका जागी बूड टेकंल तर शपथ, असं काशीबाई म्हणायची. नवऱ्याला काय चावतंय ते तिला कळेना आणि त्याला सांगवेना.

रस्त्याचं म्हणाल, तर तो एवढासा फाटा. जित्याजवळ महामार्गाला फुटतो, खाडीच्या कडेकडेनं उतरतो आणि काळुरामच्या गावाशी येऊन संपतो. तीस वर्षांपूर्वी झाला, तेव्हा गावानं पहिल्या एसटीला हार घातले होते. आता तोच पुढे वाढवून नागोठण्यामागून अष्टमीला नेणार, तिथून पूल ओलांडला की रोहा. पोरांना कंपनीतली शिफ्ट गाठायला बरं. काळुरामची लेक किमया रोह्याजवळ वरशाला दिलेली, म्हणजे त्यालाही रस्ता हवाच होता. मग घोडं अडलं कुठं?

अडलं मोरीत. जुना फाटा बांधताना काळुराम तिथं रोजंदारीवर दगड रचत होता. भरावाखाली एक मोरी ठेवायची होती, खाऱ्या पाण्याला माघारी जायला वाट म्हणून. मुकादमानं ती सरळ गाळली आणि तिच्या जागेवर काळुरामकडूनच दगड रचून घेतले. काळुरामला सगळं कळत होतं, पण काम जाईल या भीतीनं मिठाची गुळणी धरून बसला. पुढच्याच वर्षी उधाणाला खाडीचा बांध फुटला, पाणी आत शिरलं आणि भरावाला अडून तिथंच राहिलं. काशीबाईच्या बापाचं भाताचं शेत कायमचं खारलं. समिंदरानं खाल्लं, असं म्हणत म्हातारा गेला. काशीबाई अजून तेच म्हणते.

आणि परवा शाळेत नव्या रस्त्याचा नकाशा लावला, तर त्यातही मोरी नाही! काळुरामला दोन रात्री झोप नाही.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. इंजिनीअर हेमांगी मॅडम आल्या होत्या. काळुरामनं मोरीचं विचारलं, तर त्यांनी नीट समजावलं, की पाहणीत तिथं पाण्याचा प्रवाह दिसला नाही. जुन्या फाट्यालाही मोरी नाही, तीस वर्षांत कुणाची तक्रार नाही.

तक्रार नाही! बायकांच्या रांगेत काशीबाई बसली होती. तिच्याकडे न बघता काळुराम उठला.

"मोरी होती, मॅडम. कागदावर होती. ती बुजवणारे हात माझे हायत. माझ्या सासऱ्याचं शेत समिंदरानं नाय, आम्ही खाल्लं."

काशीबाई उठली, टेबलापाशी आली. मॅडमपुढची पेन्सिल उचलून तिनं नवऱ्याच्या हातात दिली.

"बाप माझा मरस्तवर समिंदराला शिव्या घालीत होता," ती म्हणाली. "आता कुठं पायजे ती मोरी दाव."

काळुरामनं नकाशावर फुली मारली, मॅडमनी फुलीशेजारी 'मोरी' असं लिहून घेतलं. सभा उठली तेव्हा काशीबाई त्याच्यासाठी थांबली नाही, जुन्या फाट्यानं एकटीच घरी गेली.